सदुसष्टावे मत

९ मार्च १९४९ रोजी टेक्सासचे नवे सिनेटर लिंडन जॉन्सन अमेरिकेच्या सिनेटमध्ये पहिले मोठे भाषण करायला उभे राहिले. विषय होता फिलिबस्टर, म्हणजे अखंड भाषणे करून विधेयक अडवून धरण्याचा सदस्यांचा हक्क. दक्षिणेकडच्या राज्यांतील सिनेटरांनी हा हक्क पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड जपला होता. कृष्णवर्णीयांना संरक्षण देणारे एखादे विधेयक आले की भाषणांचे सत्र सुरू व्हायचे आणि विधेयक मागे पडेपर्यंत ते थांबायचे नाही. जॉन्सन यांनी स्वतःला दक्षिणेचा माणूस म्हणवून घेत या हक्काची जोरदार पाठराखण केली. त्यात नवल नव्हते. १९३७ पासून ते काँग्रेसमध्ये होते. लिंचिंगविरोधी कायदा असो, की मतदानासाठी भरावा लागणारा पोल टॅक्स रद्द करण्याचा प्रस्ताव असो, त्यांचे मत दरवेळी विरोधात पडले होते.

पंधरा वर्षांनी, १० जून १९६४ रोजी, त्याच सिनेटने नागरी हक्कांच्या विधेयकावरचा फिलिबस्टर पहिल्यांदाच मोडून काढला. त्या विजयाची आखणी व्हाइट हाउसमधून ज्यांनी केली, ते अध्यक्ष लिंडन जॉन्सनच होते.

जॉन्सन यांचे मन कधी आणि कसे पालटले, यावर अमेरिकेत पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: ते विधेयक मंजूर कसे झाले? न्याय्य मागणी आणि पुस्तकात छापलेला कायदा यांच्यामध्ये फार मोठे अंतर असते. ते कापायला रस्त्यावर उतरलेली माणसे लागतात आणि सभागृहाच्या खाचाखोचा जाणणारी माणसेही लागतात. दोन्हींची गाठ क्वचितच पडते. अमेरिकेत ती १९६३ ते १९६५ या काळात पडली.

जॉन्सन यांचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ चा, मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात, पेडर्नालेस नदीकाठच्या शेतघरातला. वडील सॅम जॉन्सन टेक्सासच्या विधानसभेत सदस्य होते. कापसाचे भाव कोसळले, शेत गेले आणि घर कर्जात बुडाले. गावात ज्यांचा शब्द चालत होता त्या वडिलांकडे लोक पाठ फिरवू लागले, हे मुलाने पाहिले. शिक्षक होण्यासाठी सॅन मार्कोसच्या कॉलेजात शिकत असताना पैसे संपले, म्हणून १९२८ मध्ये त्यांनी मेक्सिकोच्या सीमेजवळच्या कोटुला या गावी शाळेत नोकरी धरली. शाळा मेक्सिकन मजुरांच्या मुलांची होती. मुले सकाळी उपाशीपोटी येत. आपण नकोसे आहोत हे त्यांना ठाऊक असे, पण का नकोसे आहोत हे मात्र कळत नसे. पुढे सदतीस वर्षांनी देशाच्या संसदेसमोर बोलताना जॉन्सन यांनी या मुलांची आठवण काढली.

१९३१ मध्ये एका काँग्रेस सदस्याचे सचिव म्हणून ते वॉशिंग्टनला गेले. १९३४ मध्ये क्लॉडिया टेलर यांच्याशी त्यांचे लग्न झाले. 'लेडी बर्ड' या नावानेच त्या जगाला माहीत झाल्या. रूझवेल्ट यांच्या न्यू डील कार्यक्रमात तरुणांना काम आणि शिक्षण देणाऱ्या नॅशनल यूथ अॅडमिनिस्ट्रेशनचे टेक्सासमधील काम १९३५ मध्ये त्यांच्याकडे आले, तेव्हा ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. दोन वर्षांनी पोटनिवडणुकीत रूझवेल्ट यांच्या नावावर मते मागून ते प्रतिनिधिगृहात पोचले. आपल्या मतदारसंघात त्यांनी आणलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वीज. त्या डोंगराळ भागात बायका विहिरीतून पाणी शेंदून खांद्यावर वाहत, चुलीवर पाणी उकळून कपडे धूत आणि संध्याकाळी रॉकेलच्या दिव्याखाली कामे उरकत. खासगी वीज कंपन्यांना एवढ्या विरळ वस्तीत तारा ओढणे परवडत नव्हते. जॉन्सन यांनी ग्रामीण विद्युतीकरणाच्या खात्यामागे लकडा लावला, शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी केली आणि १९३९ मध्ये तिथे दिवे लागले. सरकारने मनावर घेतले तर माणसाचे आयुष्य बदलते, हा त्यांचा विश्वास इथे पक्का झाला.

त्यांच्या वाटचालीत एक काळा डागही आहे. १९४१ ची सिनेटची निवडणूक ते १,३११ मतांनी हरले. आपल्या पेट्यांचे आकडे त्यांनी आधी जाहीर केले होते. त्यामुळे किती मते कमी पडतात याचा अंदाज प्रतिस्पर्ध्याला आला. १९४८ मध्ये पक्षाच्या उमेदवारीसाठी माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांची गाठ पडली. जवळजवळ दहा लाख मते पडली. मतदानानंतर सहा दिवसांनी दक्षिण टेक्सासमधील अॅलिस गावातल्या १३ क्रमांकाच्या पेटीत आणखी २०२ मते निघाली. मतदारांची नावे वर्णमालेच्या क्रमाने, एकाच शाईत आणि एकाच वळणात लिहिलेली होती. त्यातली २०० मते जॉन्सन यांची होती. ते ८७ मतांनी विजयी ठरले. ही मते खरी होती असे आज फारसे कोणी मानत नाही. पुढे कोट्यवधी लोकांना मताचा हक्क मिळवून देणारा माणूस सिनेटमध्ये आला तो असा.

सिनेटमध्ये ज्येष्ठतेला मान होता आणि नव्या सदस्याने गप्प बसावे असा रिवाज होता. जॉन्सन यांनी जॉर्जियाचे रिचर्ड रसेल यांना गुरू केले. रसेल हे दाक्षिणात्य गटाचे सेनापती होते. नियमावली त्यांना मुखोद्गत होती. अविवाहित रसेल रविवारी जॉन्सन यांच्या घरी जेवायला येत. १९५१ मध्ये जॉन्सन प्रतोद झाले, १९५३ मध्ये अल्पमतातल्या डेमोक्रॅट सदस्यांचे नेते आणि १९५५ मध्ये बहुमताचे नेते. त्याच वर्षी सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा जबर झटका आला, आणि त्यातूनही ते परतले. सव्वासहा फूट उंचीचा हा माणूस समोरच्याच्या अगदी अंगावर येऊन, कोटाची कॉलर धरून, कधी गोंजारून तर कधी दरडावून बोलत असे. त्यामागे अभ्यास होता. कोणत्या सदस्याला कोणते धरण हवे आहे, कोणाला कोणत्या समितीत जायचे आहे, कोणाला आपल्या राज्यातल्या कोणत्या वर्तमानपत्राची धास्ती आहे, हे त्यांच्या डोक्यात असे. मतदानाआधी ते मते मोजत, आणि मोजणीत स्वतःच्या आशेला थारा देत नसत. मत नक्की नसेल तर ते विरोधात धरायचे, असा त्यांचा शिरस्ता होता.

१९५७ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सरकारने नागरी हक्कांचे विधेयक आणले, तेव्हा हे कौशल्य कसाला लागले. दक्षिणेचाच राहिलो तर राष्ट्राध्यक्षपद कधी मिळणार नाही, हे जॉन्सन यांनी ओळखले होते. त्यांनी विधेयकातला सर्वांत जहाल भाग काढून टाकला आणि मताचा हक्क नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावरचा खटला ज्युरीपुढे चालेल अशी दुरुस्ती घातली. दक्षिणेतल्या गोऱ्या ज्युरी कोणाला दोषी ठरवणार, हे सगळ्यांना माहीत होते. त्या बदल्यात रसेल यांच्या गटाने संघटित फिलिबस्टर केला नाही. १८७५ नंतरचा पहिला नागरी हक्क कायदा मंजूर झाला, पण तो जवळजवळ दात नसलेला होता. कृष्णवर्णीय नेत्यांपैकी अनेकांची निराशा झाली, आणि ती रास्त होती. तरी ब्याऐंशी वर्षे बंद असलेले दार किलकिले झाले होते.

१९६० मध्ये उमेदवारी जॉन केनेडी यांच्याकडे गेली आणि जॉन्सन उपाध्यक्ष झाले. ज्याच्या हातात सिनेटची किल्ली होती, त्याला तीन वर्षे काही काम उरले नाही. त्या काळात देशाचे कामकाज रस्त्यावर चालले होते. मे १९६३ मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात शाळकरी मुलांच्या मोर्च्यावर पोलिसांनी कुत्री सोडली, अग्निशमन दलाचे फवारे सोडले. ती छायाचित्रे जगभर गेली. जूनमध्ये केनेडी यांनी हॉटेले, थिएटर, दुकाने यांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारे विधेयक काँग्रेसकडे पाठवले. ऑगस्टमध्ये मार्टिन लूथर किंग आणि सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख लोक जमवले. सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बने चार मुलींचा बळी घेतला. विधेयक मात्र समित्यांमध्ये अडकून पडले होते.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये केनेडी यांची हत्या झाली. त्याच दुपारी विमानात न्यायाधीश सॅरा ह्यूज यांनी जॉन्सन यांना शपथ दिली. पाचच दिवसांनी नव्या अध्यक्षांनी काँग्रेससमोर सांगितले की केनेडी यांच्या स्मृतीचा मान राखायचा तर नागरी हक्कांचे विधेयक लवकरात लवकर मंजूर करणे, याहून मोठी श्रद्धांजली नाही. या हरणाऱ्या लढाईत नव्या अध्यक्षांनी आपले वजन घालवू नये, असा सल्ला त्यांना आदल्या रात्री काहींनी दिला होता. मग अध्यक्षपद असते कशासाठी, असे त्यांनी त्यांना विचारल्याचे सहकारी सांगतात.

इथून पुढचा भाग मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत शिकण्याजोगा वाटतो.

जॉन्सन यांनी पहिला हात घातला तो करकपातीच्या विधेयकाला. केनेडी यांचे हे दुसरे मोठे विधेयक सिनेटच्या अर्थ समितीत व्हर्जिनियाच्या हॅरी बर्ड यांनी अडवून ठेवले होते. दाक्षिणात्यांची जुनी युक्ती जॉन्सन यांना आतून माहीत होती: नागरी हक्कांच्या विधेयकामागे इतर महत्त्वाची विधेयके तिष्ठत ठेवायची, म्हणजे सरकार कंटाळून हक्कांचे विधेयकच सोडून देते. म्हणून ओलीस ठेवण्याजोगे काही उरू द्यायचे नाही असे त्यांनी ठरवले. बर्ड यांना अंदाजपत्रक १०० अब्ज डॉलरच्या आत हवे होते. जॉन्सन यांनी खात्यांच्या मागण्यांना कात्री लावत ते ९७.९ अब्जांवर आणून दाखवले. २६ फेब्रुवारी १९६४ रोजी करकपात कायदा झाला आणि सिनेटचा रस्ता मोकळा झाला.

प्रतिनिधिगृहात नियम समितीचे अध्यक्ष हॉवर्ड स्मिथ विधेयकाला हातच लावत नव्हते. समितीकडून विधेयक काढून घ्यायला निम्म्याहून अधिक, म्हणजे २१८ सदस्यांच्या सह्या लागतात, आणि आपल्याच ज्येष्ठ अध्यक्षाविरुद्ध सही करणे सदस्यांना रुचत नसे. जॉन्सन यांनी कामगार संघटना, चर्च, हक्क संघटना, वृत्तपत्रे या सर्वांना एकच काम दिले: सह्या मिळवा. आकडा वाढू लागताच स्मिथ यांनी नामुष्की टाळण्यासाठी सुनावणी घेतली. १० फेब्रुवारीला विधेयक २९० विरुद्ध १३० मतांनी मंजूर झाले.

खरी लढाई सिनेटमध्ये होती. तिथे विधेयक न्याय समितीकडे गेले असते तर मिसिसिपीचे जेम्स ईस्टलँड यांनी ते गाडून टाकले असते. म्हणून बहुमताचे नेते माइक मॅन्सफील्ड यांनी समिती टाळून ते थेट कामकाजात घेतले. मार्चअखेरीस फिलिबस्टर सुरू झाला. रसेल यांनी आपल्या सदस्यांच्या तीन तुकड्या पाडल्या. एक तुकडी बोलायची, उरलेल्या विश्रांती घ्यायच्या. चर्चा थांबवायची तर दोन तृतीयांश, म्हणजे शंभरपैकी ६७ मते लागत. कागदोपत्री डेमोक्रॅट ६७ च होते, पण त्यातले वीसेक दाक्षिणात्य आणि त्यांचे सोबती वजा करावे लागत. रिपब्लिकन पक्षाच्या निदान तितक्याच सिनेटरांवाचून हे जमणार नव्हते, आणि त्यांची किल्ली होती इलिनॉयचे एव्हरेट डर्कसन यांच्या हाती.

जॉन्सन यांनी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, या वेळी तडजोड नाही. १९५७ चा अनुभव रसेल यांनाही होता. जॉन्सन शेवटी विधेयक पातळ करतील, यावर दक्षिणेची सारी भिस्त होती. रसेल यांना त्यांनी समोरासमोर सांगितले की आड आलात तर तुम्हाला ओलांडून जावे लागेल. तुमच्या हातून दक्षिण जाईल, असे उत्तर आले. दुसरी गोष्ट, श्रेय डर्कसन यांना द्यायचे. विधेयक सांभाळणारे मिनेसोटाचे ह्यूबर्ट हम्फ्री यांना त्यांनी डर्कसन यांच्याकडे सतत जायला, त्यांच्याबरोबर बसायला, त्यांचे ऐकायला सांगितले. डर्कसन यांनी अंमलबजावणीच्या कलमांत बदल सुचवले. गाभ्याला धक्का लागला नाही. मध्य-पश्चिमेच्या राज्यांत, जिथे कृष्णवर्णीय मतदार मोजकेच होते, तिथल्या सिनेटरांवर त्यांच्या गावचे पाद्री, रब्बी आणि नन यांनी पत्रांचा आणि भेटींचा मारा केला. फिलिबस्टर करणाऱ्यांची एक खेळी म्हणजे रात्री-अपरात्री गणपूर्तीची मागणी करणे. हम्फ्री यांनी आपल्या सदस्यांना पाळ्या लावून दिल्या आणि एक्कावन्न जण सदैव हाताशी राहतील असे पाहिले.

१० जूनच्या सकाळी वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड चौदा तासांचे भाषण संपवून खाली बसले. मग नावे पुकारली जाऊ लागली. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल मेंदूच्या अर्बुदाने मरणपंथाला लागले होते. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणले होते. नाव पुकारल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी थरथरता हात डोळ्याकडे नेला. इंग्रजीत डोळा आणि होकार यांचा उच्चार एकच. सभागृहाने त्यांचे मत होकारार्थी नोंदवले. डेलावेअरचे रिपब्लिकन सिनेटर जॉन विल्यम्स यांच्या मताबरोबर ६७ हा आकडा गाठला. अंतिम मोजणी ७१ विरुद्ध २९ अशी झाली; ७१ मध्ये रिपब्लिकन २७ होते. १९ जूनला सिनेटने विधेयक मंजूर केले आणि २ जुलैच्या संध्याकाळी जॉन्सन यांनी त्यावर सही केली. सहीच्या पेनांपैकी एक त्यांनी झेफर राइट यांना दिले. त्या जॉन्सन कुटुंबाच्या कृष्णवर्णीय स्वयंपाकीण. वॉशिंग्टनहून टेक्सासला गाडीने जाताना वाटेतल्या हॉटेलात त्यांना जेवण मिळत नसे, स्वच्छतागृह वापरू देत नसत. कायद्याची गरज पटवताना जॉन्सन दाक्षिणात्य सिनेटरांना हीच हकिगत ऐकवत.

दक्षिण आपल्या पक्षाच्या हातून दीर्घकाळासाठी गेली, असे सहीनंतर जॉन्सन म्हणाल्याचे त्यांचे सहायक बिल मॉयर्स यांनी नोंदवले आहे. अंदाज खरा ठरला. नोव्हेंबरमध्ये त्यांनी ६१ टक्के लोकमत आणि ४४ राज्ये जिंकली, पण मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना आणि साउथ कॅरोलिना ही पाच दाक्षिणात्य राज्ये रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्याकडे गेली. निवडणुकीच्या भीतीने जॉन्सन यांच्याकडून अन्यायही झाला. ऑगस्टमधल्या पक्ष अधिवेशनात मिसिसिपीच्या शेतमजूर फॅनी लू हेमर मतनोंदणीसाठी खाल्लेल्या माराची साक्ष देत होत्या. कॅमेरे त्यांच्यावरून हटावेत म्हणून अध्यक्षांनी घाईघाईने पत्रकार परिषद बोलावली. वाहिन्यांनी ती साक्ष रात्री पुन्हा दाखवली आणि देशाने ती ऐकली.

मताचा प्रश्न उरलाच होता. भारतात १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत निरक्षर शेतमजुरानेही मत दिले, त्याला तेरा वर्षे होऊन गेली होती, आणि जगातल्या जुन्या लोकशाहीत मिसिसिपीतल्या शंभर प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम सात जण मतदारयादीत होते. राज्यघटनेच्या एखाद्या कलमाचा अर्थ सांगा, अशी 'साक्षरता चाचणी' नोंदणी कारकून घेई, आणि उत्तर बरोबर की चूक हेही तोच ठरवी. डिसेंबर १९६४ मध्ये किंग यांनी मताच्या कायद्याचा विषय काढला तेव्हा जॉन्सन यांनी आत्ताच जमणार नाही असे सांगितले. तरी १५ जानेवारीच्या फोनवर त्यांनीच किंग यांना सुचवले की मतनोंदणीतल्या अन्यायाचे सर्वांत वाईट उदाहरण शोधा आणि ते देशापुढे पुन्हा पुन्हा मांडा. किंग यांच्या सहकाऱ्यांनी अलाबामातले सेल्मा आधीच निवडले होते. ७ मार्च १९६५ रोजी एडमंड पेट्टस पुलावर जॉन लुइस आणि होझिया विल्यम्स यांच्या मोर्च्यावर घोडेस्वार पोलीस तुटून पडले. लुइस यांची कवटी फुटली. आठ दिवसांनी जॉन्सन काँग्रेससमोर उभे राहिले. त्यांनी सेल्माची तुलना स्वातंत्र्ययुद्धातल्या पहिल्या चकमकींशी केली, कोटुलाच्या मुलांबद्दल ते बोलले आणि चळवळीच्या गाण्यातले 'आम्ही जिंकूच' हे शब्द स्वतः उच्चारले. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला. साक्षरता चाचण्या बंद झाल्या, नोंदणीसाठी केंद्राचे अधिकारी आले, आणि ठरावीक राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी वॉशिंग्टनची मंजुरी घेणे भाग पडले. दोन वर्षांत मिसिसिपीतले नोंदणीचे प्रमाण ६.७ टक्क्यांवरून ५९.८ टक्क्यांवर गेले.

त्या एका वर्षात कायद्यांची रीघ लागली. वृद्धांच्या औषधोपचाराची मेडिकेअर योजना, गरीब मुलांच्या शाळांना केंद्राची मदत, आणि ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी सही झालेला स्थलांतर कायदा. त्याआधी भारताच्या वाट्याला वर्षाला १०० जणांचा कोटा होता. राष्ट्रागणिक कोटे गेले, कुशल माणसांना आणि नातलगांना दारे उघडली. पुण्या-मुंबईचे डॉक्टर आणि इंजिनिअर अमेरिकेत स्थायिक होऊ लागले, न्यू जर्सी आणि शिकागोत गणपती बसू लागले, त्याचे मूळ या सहीत आहे.

सेल्माच्या पुलावर लाठ्या चालल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ मार्च १९६५ रोजी, सुमारे साडेतीन हजार अमेरिकी मरीन सैनिक व्हिएतनाममध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. आदल्या ऑगस्टमध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर हल्ले झाल्याच्या बातम्यांवरून काँग्रेसने अध्यक्षांना युद्धाची मोकळीक दिली होती. त्यातला ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला झालाच नव्हता, असे पुढे स्पष्ट झाले. जॉन्सन यांना या युद्धाचा भरवसा नव्हता. मे १९६४ मध्ये रसेल यांच्याशी फोनवर बोलताना यातून सुटण्याची वाट दिसत नाही अशी चिंता त्यांनी बोलून दाखवल्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. तरी व्हिएतनाम हातचे गेले तर कम्युनिस्टांपुढे नमल्याचा ठपका येईल आणि काँग्रेसमधले सारे कार्यक्रम बुडतील, या भीतीने ते पुढे पुढे जात राहिले. एप्रिल १९६५ मध्ये त्यांनी मेकाँग नदीच्या विकासासाठी एक अब्ज डॉलरची तयारी दाखवली. टेक्सासच्या नदीवर धरण बांधून मते मिळवलेल्या माणसाला उत्तर व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांनाही काहीतरी देऊन वळवता येईल असे वाटले. ज्या माणसाला देशाचे ऐक्य सोडून दुसरे काहीच नको होते, त्याच्यापुढे देवघेवीची ही विद्या निरुपयोगी होती. आणि जे अध्यक्ष सिनेटची मते मोजताना स्वतःला कधी फसवत नव्हते, त्यांनी युद्धाच्या बाबतीत खरे आकडे आणि खरे इरादे देशापासून झाकून ठेवले. ही त्यांची सर्वांत मोठी चूक होती. १९६८ अखेर व्हिएतनाममध्ये पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते आणि छत्तीस हजारांवर मृत्यू पावले होते. व्हिएतनामी मृतांची संख्या त्याच्या कितीतरी पट होती.

या युद्धाची झळ आपल्यापर्यंत पोचली. १९६५ आणि १९६६ मध्ये भारतात पाऊस सलग दोनदा फसला. १९६६ मध्ये देशाने एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात केले, त्यातले बहुतेक पीएल-४८० या अन्नमदतीच्या कायद्याखाली अमेरिकेचे. लाल गव्हासाठी आणि मिलोसाठी रेशनच्या रांगेत उभी राहिलेली पिढी महाराष्ट्रात अजून आहे. भारताने शेतीधोरण बदलावे म्हणून, आणि व्हिएतनामवरच्या बाँबफेकीवर दिल्लीतून होणारी टीका खटकली म्हणूनही, जॉन्सन यांनी धान्याचे जहाज महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडायला सुरुवात केली. भुकेल्या देशाला असे टांगणीला लावणे अपमानास्पद होते. अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी अधिक उत्पादन देणाऱ्या बियाण्यांचा आणि खतांचा कार्यक्रम त्याआधीच हाती घेतला होता; या अपमानाने त्याला जोर चढला. महाराष्ट्र दोन वर्षांत धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी पुण्यात जाहीर केले ते याच दिवसांत.

युद्धाने पैसा, लक्ष आणि विश्वास तिन्ही खाल्ले. एप्रिल १९६७ मध्ये किंग यांनी युद्धाला उघड विरोध केला आणि दोघांतला संवाद तुटला. १९६८ च्या जानेवारीअखेर टेट सणाच्या हल्ल्यांनी विजय जवळ आल्याचे दावे फोल ठरवले. मार्चमध्ये न्यू हॅम्पशरच्या प्राथमिक निवडणुकीत युद्धविरोधी यूजीन मॅकार्थी यांनी ४२ टक्के मते घेतली. ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले की आपण पुन्हा उभे राहणार नाही. चार दिवसांनी मेम्फिसमध्ये किंग यांची हत्या झाली. शहरे पेटली असताना जॉन्सन यांनी वर्षानुवर्षे अडकलेला घरभाड्यातील आणि घरविक्रीतील भेदभावविरोधी कायदा रेटून आठवडाभरात मंजूर करून घेतला. त्यांच्या नागरी हक्क कायद्यांतला तो शेवटचा. २२ जानेवारी १९७३ रोजी टेक्सासमधील आपल्या शेतघरी त्यांचे निधन झाले. व्हिएतनामच्या पॅरिस करारावर त्यानंतर पाच दिवसांनी सह्या झाल्या.

जॉन्सन यांचा ताळेबंद मांडताना एका बाजूने दुसरी वजा करायचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. मेडिकेअरमुळे व्हिएतनाममधला एकही मृत्यू पुसला जात नाही, आणि युद्धामुळे मिसिसिपीत मतदारयादीत आलेले एकही नाव खोडले जात नाही. दोन्ही एकाच माणसाच्या हातून घडले. घरच्या प्रश्नावर किंग, लुइस, हेमर यांच्यासारखी माणसे त्याला सत्य ऐकवायला समोर उभी होती आणि हरएक मत उघड्यावर मोजले जात होते. युद्धाचा निर्णय मात्र मोजक्या माणसांच्या बंद खोलीत झाला, आणि विरोध बाहेरून आत पोचेपर्यंत फार उशीर झाला.

म्हणून मला ६७ हा आकडा महत्त्वाचा वाटतो. लोकशाहीत सद्भावना पुरत नाही आणि संतापही पुरत नाही. कोणत्या समितीत विधेयक अडले आहे, कोणाचे मत वळू शकते, किती सह्या कमी आहेत, हे चिकाटीने शिकणारी माणसे न्यायाच्या बाजूला हवीत. ती नसली की हे शास्त्र अन्यायाच्या बाजूचे लोक शिकतात, जसे दक्षिणेचे सिनेटर कित्येक दशके शिकत आले होते. आणि मिळवलेले टिकवायलाही तीच चिकाटी लागते. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदान हक्क कायद्यातली पूर्वमंजुरी कोणत्या राज्यांना लागू करायची ते ठरवणारे कलम रद्दबातल केले, आणि ती पूर्वमंजुरीच कागदावर राहिली. तिला पुन्हा जीव द्यायचा तर सभागृहात मतेच मोजावी लागतील, आणि ती मोजायला लावणारी माणसे पुन्हा रस्त्यावर यावी लागतील.